ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारा गोव्याचा हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात येणाऱ्या बहुतेकांचं तोंड समुद्राकडे असतं. त्यांच्या पाठीमागे मात्र याच दिवसांत दुसराच गोवा गजबजलेला असतो. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांचे काठ, कुंभारजुव्याचा कालवा, बांधाआडची खाजन शेतं, मिठागरं, जुनी तळी. हिमालयापलीकडून आलेली बदकं, चिखलात चोची खुपसून चालणारे पक्षी, उन्हाला पडलेल्या मगरी, पाण्यावर तरंगणारं पहाटेचं धुकं. यातलं बरंचसं पणजी किंवा फोंड्याहून तासाभराच्या आत आहे आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी तिकीटसुद्धा लागत नाही.

तरीही पाहायला गेलेले अनेकजण हिरमुसले होऊन परततात. ‘पहाटे पाचला उठलो, रायबंदरहून फेरीबोट पकडून चोडण बेटावर गेलो आणि पाहिलं काय, तर चार बगळे आणि एक खंड्या,’ ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. पहाटे उठण्यात त्यांचं काही चुकलेलं नसतं. जंगलात पक्षी बघायचे तर पहाटच गाठावी लागते. नदीकाठी मात्र सूर्य दुय्यम आहे. इथला दिवस भरती-ओहोटी ठरवते. कोण कधी खाणार, कोण कुठे विसावणार, मगर कधी वर येणार आणि शेतकरी बांधाचं दार कधी उघडणार हे सगळं त्या चढत्या-उतरत्या पाण्यावर अवलंबून असतं. ही एक गोष्ट समजली की नदीकाठचा हिवाळा वाचता येऊ लागतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. ओहोटीला इथे सुकती म्हणतात. पुनव-अवसेच्या आसपास मुरगावला भरती आणि सुकतीच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला तो बराच कमी असतो. दोन मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण मांडवी आणि झुआरीचं पात्र मुखापासून आत कितीतरी अंतर जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे समुद्राचं पाणी आत शिरायला अडत नाही. मांडवीत गांज्यापर्यंत आणि झुआरीत सांग्यापर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, भरती जाणवते. सांग्याला नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला समुद्र दिसत नाही, वासही येत नाही, पण समोरचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आणि जिथे काठ सपाट आहे तिथे दोन मीटर पाणी उतरलं की चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो.

वेळ काढायला कोकणपट्टीत पूर्वापार एक हिशेब चालत आला आहे. तिथीचा आकडा तीनने गुणायचा आणि चारने भागायचा; येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी नवाच्या आसपास, पूर्ण सुकती. अष्टमीला भरती सहाला, सुकती दुपारी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचला. हिशेब ढोबळ आहे. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय नदीत जितकं आत जावं तितकी वेळ पुढे सरकते. पण घरात तिथी दाखवणारी दिनदर्शिका असली तरी चोडणला जायचा दिवस ठरवायला एवढं पुरतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात उघडा चिखल पाहायचा असेल तर तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. होडीतून खारफुटीच्या आत शिरायचं असेल तर उलट भरतीची वेळ धरा, कारण सुकतीला आतल्या अरुंद फाट्यांत होडी चालेल इतकं पाणीच उरत नाही.

आता हा चिखल. लोक नाक मुरडतात, पण नदीकाठच्या सगळ्या जीवनाचं कोठार तोच आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा पाऊस सह्याद्रीच्या उतारांवरून माती घेऊन खाली येतो. मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याची गाठ पडली की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून खाडीतच चिखल साचतो. त्यात खारफुटीची गळलेली पानं कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्या सूक्ष्म जीवांवर किडे, गोगलगायी, शिंपले, खेकडे पोसले जातात. सुकतीला उन्हात चिखलाच्या पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय शैवालांची असते.

पावसाळ्यात नदी मुखापर्यंत जवळजवळ गोडी होते. पाऊस संपला, डोंगरातून येणारं पाणी आटत गेलं की समुद्र हळूहळू आत सरकू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मधला काळ आहे: मुखाशी पाणी खारट, मध्ये मचूळ, वर गोडं. एप्रिल-मेपर्यंत खारटपणा आणखी कितीतरी आत पोचतो. त्यामुळे हिवाळ्यात एकाच नदीवर थोड्या थोड्या अंतराने काठावरची झाडं, पाण्यातले मासे आणि त्यांवर टपलेले पक्षी बदलत जातात. ही सरमिसळ वर्षभर अशी राहत नाही, म्हणून मला हे चार महिने मोलाचे वाटतात. दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि मांडवी-झुआरीच्या पाण्याचं हे ऋतुचक्र तिथल्या शास्त्रज्ञांनी बारकाईने मोजून ठेवलं आहे.

चिखल जवळून पाहायचा तर काठावर एका जागी दहा मिनिटं अजिबात न हलता उभं राहावं. माणूस दिसताच तिथले सगळे जीव बिळात गेलेले असतात. चाहूल थांबली की ते परत येतात. आधी येतात बोटाच्या पेराएवढे खेकडे. त्यांच्यातल्या नराची एक नांगी अंगाला न शोभेल इतकी मोठी असते आणि दुसरी बारीक. मोठी नांगी खायच्या कामाची नाही. ती वर-खाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धाकात ठेवतो. लहान नांगीने चिखलाचा कण उचलून तोंडात घालायचा, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि उरलेल्या मातीची गोळी बाहेर टाकायची. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी खाते आणि तिचं पोट लवकर भरतं. थोड्या वेळात बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी पडलेली दिसते. त्यांच्या मधून निवटा उड्या मारत जातो. हा मासा, पण पाण्याबाहेर वावरतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, आणि कातडी सुकू नये म्हणून मधूनच डबक्यात लोळून येतो. डोळे डोक्याच्या वर, म्हणजे अंग चिखलात असलं तरी घार दिसते.

या कोठारावर हिवाळ्यात पाहुणे उतरतात. थंडी सोसत नाही म्हणून पक्षी पळून येतात असं सरसकट म्हटलं जातं. पिसांचा कोट चांगला असला तर थंडी बऱ्याच पक्ष्यांना सोसते. खरी अडचण खाण्याची असते. उत्तरेकडे चिखल आणि पाणी गोठलं की खालचा किडा तिथेच असूनही चोचीला मिळत नाही. मग ज्या वाटेने मध्य आशियातून भारताकडे येतात त्या वाटेने हे पक्षी निघतात. तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि तो तीस देशांवरून जातो. काही तुतारी पक्षी तर ऑगस्टमध्ये, भर पावसातच, आपल्याकडे हजर होतात. परतीची वेळ मार्च-एप्रिल. जायच्या आधी काहींच्या अंगावर विणीचा रंग चढू लागतो, म्हणून मार्चमधली एखादी फेरी चुकवू नये.

एकाच चिखलावर इतके पक्षी एकमेकांशी न भांडता कसे खातात याचं उत्तर चोचींत आहे. त्या सुईपासून दाभणापर्यंत सगळ्या मापांच्या असतात. छोट्या चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी शिकार करतो: चार पावलं धावतो, थबकतो, वरवरचा किडा टिपतो, पुन्हा धावतो. लाल पायांचा टिलवा थोडं खोल टोचतो. कोरल या मोठ्या पक्ष्याची चोच बारा-पंधरा सेंटिमीटर लांब आणि खाली वाकलेली. ती तो मुळापर्यंत खेकड्याच्या बिळात घालतो. चोचीच्या टोकाशी स्पर्श कळतो, त्यामुळे न दिसणारी शिकारही सापडते. खेकडा बाहेर ओढल्यावर कोरल तो झटकून झटकून त्याचे पाय तोडतो आणि मग अंग गिळतो. दुर्बिणीतून हे एकदा पाहिलं की चिखलावरचे करडे-तपकिरी पक्षी सगळे सारखेच दिसतात असं पुन्हा वाटत नाही. नावं पाठ करण्याआधी चोच आणि चाल पाहावी असं मी नवख्यांना नेहमी सांगतो. चाल ओळखता आली की नाव पुस्तकात सापडतं.

हे पक्षी रात्रीही खातात, कारण सुकती रात्रीही येते. मग भरतीच्या वेळी ते जातात कुठे? चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उघडी, सपाट, कोरडी जागा लागते, जिथून कुत्रा किंवा घार लांबून दिसेल. खारफुटीच्या दाट झाडीत कोरल किंवा चिखल्या बसत नाही. तो जातो मिठागरांच्या बांधांवर, कापणी झालेल्या खाजनात, तळ्याच्या काठाच्या मोकळ्या पट्टीवर. नेरूल, हडफडे, आगरवाडो, बाती या गावांतली मिठागरं पावसाळ्यात पाण्याखाली असतात; हिवाळ्यात त्यांचे बांध दुरुस्त होतात, वाफे चोपले जातात आणि पुढे उन्हाळाभर मीठ पडतं. डिसेंबर-जानेवारीत या उथळ वाफ्यांत पूर्ण भरतीच्या वेळी गेलात तर नदीवर विखुरलेले पक्षी एका जागी दाटीने उभे असलेले सापडतात. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत, वाऱ्याकडे तोंड करून. चोडणला सकाळी चारच बगळे दिसले ना, बाकीचे पक्षी त्या वेळी अशाच एखाद्या बांधावर असणार.

इथे खाजनांकडे वळावं लागतं, कारण गोव्याच्या नदीकाठचं चित्र निम्म्याहून अधिक माणसाच्या हातचं आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून नदीपासून राखलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर मानली जाते. बांध माती, चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. त्यात जागोजागी मानस बसवलेली असते. मानस म्हणजे चिऱ्यांच्या चौकटीतली लाकडी झडप. एरवी तिला चालवायला माणूस किंवा वीज लागत नाही. भरती आली की बाहेरचं पाणी झडपेला दाबतं आणि ती घट्ट बसते. सुकती लागली की आतलं पाणी वर, बाहेरचं खाली, आणि तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. अशा रीतीने पावसाचं पाणी बाहेर जातं, खारं पाणी आत येत नाही आणि मधल्या सखल जमिनीत कोरगुट हा खारटपणा सोसणारा भात पिकतो. आत पाणी खेळवणारा जो चर असतो त्याला पोंय म्हणतात. कापणी झाल्यावर काही ठिकाणी मिरची, वाल, अळसांदे, रताळी लावतात, काही ठिकाणी खारं पाणी मोजून आत घेऊन मासे-कोळंबी वाढू देतात.

मानशीपाशी सुकतीच्या वेळी उभं राहणं हा हिवाळ्यातला सर्वात चांगला तास आहे असं माझं ठाम मत आहे. झडप उघडली की आतलं पाणी जोराने बाहेर धावतं आणि त्याच्याबरोबर शेवटे, काळुंदर हे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. तोंडाशी जाळं लावलेलं असतं. जाळ्यातून निसटलेल्यावर बगळे, वंचक, पाणकावळे आणि ब्राह्मणी घारी आधीपासून टपलेल्या असतात. झडप हलायच्या आधीच बगळे रांगेत येऊन उभे राहतात. पाण्याची पातळी त्यांनाही वाचता येते. वर कधीकधी कैकर घिरट्या घालतो. हा हिवाळी पाहुणा शिकारी फक्त मासे खातो. त्याच्या पंजाच्या तळव्याला बारीक काटे असतात आणि बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे निसरडा शेवटाही दोन बोटं पुढे, दोन मागे अशा पकडीतून सुटत नाही. उडताना तो माशाचं तोंड पुढे करून धरतो.

बदकांची गोष्ट निराळी. त्यांना चिखल नको, उथळ गोडं पाणी हवं. करमळीचं तळं रेल्वे स्थानकाच्या शेजारीच आहे. तिथे आणि कुडतरीच्या तळ्यांवर तलवार बदकं, भुवई बदकं हिवाळ्यात उतरतात. अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे आपल्याकडचेच. तलवार बदक बुडी मारत नाही. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोचेल तिथपर्यंतचं बी आणि पाणवनस्पती खातं. म्हणजे तळं गुडघाभर असलं तर त्याचं पोट भरतं, खोल केलं तर तळ हाताबाहेर जातो. तळ्याचं सुशोभीकरण म्हणून खोदकाम करून चारी बाजूंनी दगडी भिंत बांधली की बदकं का येईनाशी होतात, ते यावरून कळावं. कुडचड्याजवळचं नंदा तळं ४२ हेक्टरचं आहे आणि २०२२ मध्ये ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. १९७१ साली इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या करारातून महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी जागतिक यादी तयार होते, तिच्यात त्याचं नाव आहे. हेही कोणी न शिवलेलं तळं नव्हे. झुआरीच्या उपनदीलगतचं हे पाणी गावकरी अडवतात, आणि खालच्या बाजूची भातशेती त्यावर होते.

मगरींसाठी कुंभारजुवे कालव्यावर जावं. हा मांडवी आणि झुआरीला आतल्या आत जोडतो, लांबी साधारण पंधरा किलोमीटर, आणि दोन्ही टोकांनी त्यात भरती शिरते. इथली मगर मुळात गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यात राहणारी मोठी मगर वेगळ्या जातीची आणि ती ओडिशा, सुंदरबन, अंदमानात आढळते. पण कुंभारजुव्यात गोड्या पाण्याची ही मगर मचूळ-खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, आणि ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. हिवाळ्यात ती जास्त दिसते याचं कारण सरळ आहे. मगरीचं रक्त स्वतःहून तापत नाही. जानेवारीतल्या वीस अंशांच्या रात्रीनंतर अंग तापवायला तिला उन्हात यावंच लागतं, आणि पडायला चिखलाचा उतार हवा, तो सुकतीलाच मिळतो. म्हणजे ऊन आणि सुकती दोन्ही जुळायला हवीत: सकाळी नऊ ते अकरा आणि त्याच वेळी उतरलेलं पाणी. तोंड वासून पडलेली मगर चवताळलेली नसते. अंगातली जास्तीची उष्णता ती तोंडावाटे बाहेर टाकत असते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ असं सांगू नये. ती दचकून पाण्यात गेली की तिचा तापण्याचा वेळ वाया जातो.

याच कालव्याच्या काठी, दुर्भाट-आडपई-बोरी भागात, पौष अमावास्येला मानगे थापणी होते. खाजनातल्या ओल्या मातीची मगर थापतात, तिला शिंपल्यांनी, काटक्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. बांध राखणारा माणूस आणि बांधाखालून जाणारी मगर यांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं, असं मला त्या पूजेत दिसतं. पौष अमावास्या जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे मगरी सर्वात जास्त दिसतात त्याच दिवसांत.

पाणमांजरांबद्दल थोडक्यात. चोडण, दिवाडी आणि आजूबाजूच्या खाजनांत ती कुटुंबाने राहतात. प्रत्यक्ष दिसणं नशिबाचा भाग आहे, पण बांधाच्या माथ्यावर माशांच्या खवल्यांनी आणि कुर्लीच्या कवचाच्या तुकड्यांनी भरलेली, माशाचा तीव्र वास असलेली विष्ठा सापडली तर ती तिथून जातात हे नक्की समजा.

खारफुटीत काय पाहावं? सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या पश्चिम टोकाला आहे, १९८८ साली ते जाहीर झालं आणि क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. खंड्यांच्या किती जाती एका फेरीत दिसतात ते मोजा: काळ्या टोपीचा, लांब जाड चोचीचा, कवड्या, साधा निळा. फांद्यांवर रातबगळे दिवसभर झोपलेले असतात. पण पक्षी नसले तरी तिवराचं एक पान हातात न तोडता उलटसुलट करून पाहा. पानावर मिठाचे पांढरे कण चमकतात. तिवर मुळांतून खारं पाणी घेतं आणि नको असलेलं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पावसाळ्यात हे मीठ धुऊन जातं. हिवाळ्यात ते साचून राहतं आणि जिभेला लावलं तर खारट लागतं. झाडाखालून पेन्सिलीएवढी शेकडो मुळं चिखलातून वर आलेली असतात, ती हवेसाठी. या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून मुळांनाच बाहेर यावं लागतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या शेंगेसारखं लोंबतं; खाली पडलं की चिखलात रुततं किंवा भरतीबरोबर दुसऱ्या काठाला जातं.

पहाटेच्या धुक्यालाही कारण आहे. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र, त्यामुळे जमीन लवकर निवते. नदीचं पाणी तितक्या लवकर थंड होत नाही. पहाटे पूर्वेकडून, डोंगराकडून समुद्राकडे थंड वारा सरकतो, तो ऊबदार पाण्यावर येताच पाण्याची वाफ निवून तिचे बारीक थेंब होतात. सूर्य वर आला की अर्ध्या-पाऊण तासात सगळं विरतं, आणि दुपारी वारा उलटून समुद्राकडून येतो. दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून, समोर जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे धुक्याच्या वर निघालेले पाहायचे तर फेब्रुवारीआधी जावं.

सिंचनाचे कालवे मात्र वेगळी जात. तिळारी, साळावली, अंजुणे या धरणांचं पाणी हिवाळ्यात काँक्रीटच्या कालव्यांतून पेडणे, डिचोली, बार्देश, केपे, सत्तरीतल्या वायंगणाला, म्हणजे हिवाळी भातशेतीला, पोचतं. कालव्याच्या गुळगुळीत काठावर फारसं काही जगत नाही. पण त्याच्या पाण्यावर नांगरलेल्या शेतात बगळे, पिवळे धोबी आणि वर दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी हमखास असतो. तिथे पाहायचं ते शेतात, कालव्यात नाही.

शेवटी बांधांची स्थिती, कारण वर सांगितलेलं बहुतेक सगळं त्यांवर उभं आहे. पूर्वी गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बांध राखायची आणि खर्च मानशीच्या पावणीतून, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावातून, निघायचा. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला न्याय मिळाला, पण बांधाची सामूहिक जबाबदारी विस्कळीत झाली. कुठे बार्जच्या लाटांनी बांध खचले, कुठे जास्त मासळीसाठी खारं पाणी बेसुमार आत घेतलं गेलं. बांध फुटून खारं पाणी शेतात राहिलं की थोड्याच वर्षांत तिथे खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे. ती बंदी योग्यच आहे. पण शेत कायमचं जातं, आणि त्याबरोबर कोरल-चिखल्यांची भरतीच्या वेळची मोकळी जागाही. खारफुटी हवी आणि मोकळं खाजनही हवं. दोन्ही हवं असेल तर बांध वेळेवर दुरुस्त व्हायला हवेत. हे काम पाऊस संपल्यावर ते पुढचा पाऊस येईपर्यंतच करता येतं, म्हणजे तुम्ही पक्षी पाहायला जाता त्याच महिन्यांत. बांधावर चिखलाचे गोळे थापणारी माणसं भेटली तर थांबा, त्यांच्या ओल्या कामावरून चालू नका, आणि मानस कोण सांभाळतं ते विचारून घ्या. आज पाणी किती वाजता सोडणार हे तोच सांगेल, आणि पक्षी त्या वेळेला तिथेच असतील.